गुपितरावांचे आठ रिले

गुपितरावांना हे नाव त्यांच्या मजल्यावरच्या लोकांनी दिलं, आणि त्यात कौतुक कमी, वैताग जास्त होता. हा गृहस्थ भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा की आपण एक गुप्त काम करतो. जिन्यात गाठला तर जिन्यात, लिफ्टमध्ये सापडला तर लिफ्टमध्ये. लिफ्टमधल्या माणसाला पळता येत नाही, म्हणून गुपितरावांना लिफ्ट जास्त आवडे. "माणसाला नावाची हाव नसावी," हे ते तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत समजावून सांगत, आणि चौथ्यावर दार उघडलं की पुढचं सांगण्यासाठी दारात पाय घालून उभे राहत.

काम काय, तर रिले चालवणं. इंटरनेटवर आपण काय वाचलं, कोणाला काय विचारलं, याचा माग राहू नये असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक जाळं आहे. त्यातून निरोप सरळ जात नाही, तीन अनोळखी मशीनांच्या हातांतून जातो. पहिल्याला कळतं की दिला कोणी, पण चाललाय कुठे ते कळत नाही. शेवटच्याला कळतं की चाललाय कुठे, पण दिला कोणी ते कळत नाही. मधल्याला यातलं काहीच कळत नाही आणि तो आपला सुखात असतो. या मशीनांना रिले म्हणतात. ती कोणा कंपनीची नसतात, जगभरचे हौशी लोक ती फुकट सांभाळतात. गुपितराव असे आठ रिले सांभाळत. निदान सांगत तरी तसं.

दोन रिले घरातच होते, बाथरूमच्या बाहेरच्या फळीवर, साबणाच्या वड्यांशेजारी. एक मेहुण्याच्या दातांच्या दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीमागच्या कपाटात. एक वाचनालयाच्या माळ्यावर. उरलेले चार परदेशात, भाड्याच्या मशीनवर. गुपितरावांनी त्यांना अभेद्य, अदृश्य, अज्ञात अशी दणदणीत नावं दिली होती. बायको मात्र त्यांना थोरला, धाकटा, दवाखाना, माळा आणि चार भाडेकरू म्हणे. गुपितरावांना हे फार खटके. "अगं, जगाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे आणि तू त्याला धाकटा म्हणतेस!" बायको म्हणे, "बरं," आणि धाकट्यावरची धूळ पुसून टाके.

वर्षभर रिले न पडता चालवले की जाळ्याकडून एक काळा शर्ट येई, पाठीवर जाळ्याचं चिन्ह असलेला. पाच शर्ट आले आणि पाचही तोकडे. गुपितरावांचं पोट बघता ते पुढून छातीपाशी तंग, खालून बेंबीपाशी आखूड. तरी ते दर रविवारी न चुकता एक घालत आणि खाली ओढत ओढत म्हणत, "एवढी हुशार माणसं, पण माप कळत नाही यांना. मला बघितलेलं नाही ना! हीच तर अनामिकतेची किंमत आहे." ऐकणारा मान डोलावी आणि बेंबीकडे बघायचं टाळी.

आता त्यांच्या पोटापाण्याच्या धंद्याबद्दल सांगतो. तो ऐकून तुम्ही म्हणाल की मी मुद्दाम रचलंय, पण त्याला माझा इलाज नाही. गुपितराव फर्निचरच्या एका मोठ्या कारखान्यात हजेरी विभागात होते. तीनशे माणसं सकाळी फाटकाशी काचेवर अंगठा टेकवत, आणि कोण किती वाजता आला, किती वेळा बाहेर गेला, जेवायला किती मिनिटं बसला, हे सगळं गुपितरावांच्या टेबलावर येई. शौचालयाच्या वाटेवर अंगठ्याचं आणखी एक मशीन बसवावं, ही सूचना त्यांचीच. त्या मशीनचा त्यांना शर्टाइतकाच अभिमान होता.

एकदा पॉलिश विभागातला एक जुना कारागीर त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याची अकरा मिनिटं कापली होती.

"साहेब, पोटात कळ आली होती."

"मशीनला पोट कळत नाही. नोंद ती नोंद."

"पण तुम्ही म्हणे लोकांचा माग लपवायचं काम करता?"

"ते वेगळं," गुपितराव म्हणाले. "ते तत्त्व आहे."

कारागीर आपला वाळलेल्या पॉलिशचा अंगठा काचेवर टेकवून कामाला गेला.

तर असा हा माणूस. आणि त्याची बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. बोलणं बेताचं, अक्षर मोत्यासारखं, आणि गिऱ्हाइकाच्या हातातला कागद वाचताना ओठ न हलवण्याची सवय. रिलेच्या कामाशी तिचा संबंध काय, असं कोणी विचारलं तर गुपितराव म्हणत, "व्यवस्थापन माझं. बारीकसारीक असतं, तेवढं ती बघते."

हे "तेवढं" सहा वर्षांपूर्वी सुरू झालं. पहिला रिले गुपितरावांनी स्वतः उभा केला, हे खरं आहे. पंधरा दिवस लागले, दोनदा घरातलं इंटरनेट बंद पडलं, आणि तो चालू झाला त्या दिवशी त्यांनी सगळ्या मजल्याला कॉफी पाजली. पुढच्या महिन्यात रिलेच्या प्रोग्रॅमची सुधारित आवृत्ती आली. ती चढवायला हवी होती. गुपितराव तेव्हा लिफ्टमध्ये होते. "जरा तेवढं बघ गं," ते फोनवर म्हणाले. बायकोनं दोन संध्याकाळी बसून सूचना वाचल्या, एका निळ्या वहीत उतरवल्या आणि तेवढं बघितलं. मग दुसरा रिले आला, तिसरा आला. पासवर्ड बदलायचे, तेवढं बघ. दवाखान्यातला गरम होतोय, तेवढं बघ. जाळ्याच्या लोकांचं पत्र आलंय, उत्तर देऊन टाक, तेवढं बघ. होता होता गुपितरावांकडे फक्त व्यवस्थापन उरलं.

यंदा सहावं वर्ष पुरं होत होतं. त्यानिमित्त वाचनालयाच्या बाईंनी, म्हणजे तिथल्या ग्रंथपाल होत्या त्यांनी, गुपितरावांचं व्याख्यान ठेवलं. शनिवारी सकाळी अकराला, वाचनालयाच्या सभागृहात. विषय गुपितरावांनी स्वतः सुचवला: "अनामिक सेवेची सहा वर्षं: माझी वाटचाल". पोस्टरवर त्यांचा फोटो होता, हाताची घडी घातलेला. समोर मोठ्या पडद्यावर जाळ्याची यादी उघडून आपले आठ रिले लोकांना दाखवायचे, असा बेत होता. ही यादी कोणालाही बघता येते. कोणता रिले किती वर्षं चालतोय, आज चालू आहे की बंद, सगळं त्यात उघड असतं.

व्याख्यानाच्या दोन आठवडे आधी बायकोच्या थोरल्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. बायकोनं रजा टाकली, निळी वही पर्समध्ये घातली आणि बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, "काही अडलं तर फोन करा."

"अडायला काय झालंय? सहा वर्षं चालवतोय मी," गुपितराव म्हणाले.

व्याख्यानाच्या आठवड्यात सोमवारी दुपारी दवाखाना पडला. म्हणजे दवाखान्यातला रिले. मेहुण्यानं नवं एक्स-रे मशीन आणलं, त्यासाठी प्लगची ओढाताण झाली, आणि त्यात बिचाऱ्याचा वीजपुरवठा दहा वेळा गेला-आला. संध्याकाळी गुपितराव पोचले तेव्हा खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून पडला होता. त्याच्या डोक्यावरून हात घालून त्यांनी रिलेचा डबा बाहेर काढला आणि घरी नेला. चालू होत होता, पण आत शिरायला पासवर्ड मागत होता. गुपितरावांनी स्वतःची जन्मतारीख घालून पाहिली. लग्नाची तारीख घालून पाहिली, तीही चुकीची, पण ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "जगाचं स्वातंत्र्य" असंही घालून पाहिलं.

त्याच संध्याकाळी बायकोचा नेहमीसारखा फोन आला. बहीण आता चार पावलं चालते वगैरे सांगून झालं. मग तिनं विचारलं, "मशीनं बरी आहेत ना?"

"एकदम ठणठणीत," गुपितराव म्हणाले. पुढ्यात दवाखाना उघडा पडला होता.

मंगळवारी त्यांनी डब्याच्या आतलं सगळं साफ पुसलं आणि पहिल्यापासून चढवलं. सहा वर्षांपूर्वी पंधरा दिवस लागले होते, आता चार तासांत झालं. त्यांची छाती फुगली. दिवा लागला, रिले जाळ्यात गेला. झालं ना काम! एक मुद्दा तेवढा राहून गेला, आणि तो असा.

प्रत्येक रिलेची स्वतःची चाळीस अक्षरांची ओळख असते. मशीन पुसलं की ती जाते, नवी मिळते, आणि जाळ्याच्या दृष्टीनं तो परका होतो, काल जन्मलेला. दुसरं म्हणजे, एका माणसाचे अनेक रिले असतील तर त्यानं ते उघडपणे सांगावे लागतात. प्रत्येक रिलेत बाकीच्या सगळ्यांच्या ओळखी लिहायच्या. याला कुटुंबाची यादी म्हणतात. कारण सोपं आहे. निरोपाचा पहिला हात आणि शेवटचा हात एकाच माणसाचा असला, तर कोणी दिला आणि कुठे चाललाय हे दोन्ही त्याला कळेल, मग कसली आलीय गुप्तता? म्हणून जाळं एका कुटुंबातले दोन रिले एका निरोपाला कधी घेत नाही. यादी दोन्हीकडून जुळावी लागते. मी म्हणतो तो माझा भाऊ, तर त्यानंही म्हणायला हवं की हा माझा भाऊ. आणि आपले रिले जो लपवतो तो चोरून ऐकायला बसलाय, असंच तिथले लोक धरून चालतात.

हे सगळं गुपितराव लिफ्टमध्ये अनेकदा बोलले होते. करायची वेळ कधी आली नव्हती.

नव्या दवाखान्यानं सांगितलं की ते सातजण माझे. सातजण म्हणाले, आम्ही याला ओळखत नाही. जाळ्याच्या यादीत दवाखान्यासमोर लाल खूण आली. सातांची समजूत काढायची तर त्यांच्यात शिरायला हवं, आणि त्यांचे पासवर्ड निळ्या वहीत. वही मागायची तर बायकोला फोन करावा लागणार. तिथे गुपितरावांचं घोडं अडलं. नवऱ्याला स्वतःच्या घराची किल्ली सापडत नाही, हे बायकोला कसं सांगायचं? त्यांनी एक तोड काढली. दवाखाना पुसून नवा केला तसे हाताशी असलेले बाकीचे तीनही पुसून नवे करायचे. मग निदान चार तरी एकमेकांना भाऊ म्हणतील.

बुधवारी त्यांनी कारखान्यात अर्धी रजा टाकली, स्वतःचा अंगठा टेकवून. थोरला पुसला. धाकटा पुसला. वाचनालयात जाऊन शिडी लावून माळा पुसला. संध्याकाळी फोन आला.

"मशीनं बरी आहेत ना?"

"अगं सांगितलं ना, ठणठणीत."

"थोरला?"

"थोरलाही." आणि मग चिडून, "रोज रोज काय विचारतेस? तुझ्या बहिणीकडे बघ."

मग ती "बरं" म्हणाली.

गुरुवारी गुपितराव पुरी रजा टाकून घरीच होते; दुपारी जाळ्याच्या एका स्वयंसेवकाचं पत्र आलं. पहारेकरी या नावानं तो संशयित रिलेंवर लक्ष ठेवी. पत्र सभ्य होतं. तुमच्या पत्त्यावरून चार अनोळखी रिले अचानक उगवले आहेत, तुमचे जुने चार त्यांना ओळखत नाहीत, आणि याच दिवसांत तुमचे बाकीचे चार नाहीसे झाले. कृपया खुलासा करा. रिले तुमच्याच ताब्यात आहेत हे पटवण्यासाठी जुन्या चारांच्या माहितीच्या ओळीत "खिडकी" हा शब्द लिहून दाखवा. शनिवारी सकाळी दहापर्यंत हे झालं नाही तर आठही जाळ्यातून काढावे लागतील.

शनिवारी दहा, आणि अकराला व्याख्यान! गुपितरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तरीही ते शेवटी हजेरी विभागातले. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि उत्तर ठोकलं. "आपले पत्र पावले. सदर रिले अस्मादिकांचेच असून त्याबाबत संशय घेण्याचे आपणास काहीएक कारण नाही. अस्मादिक सहा वर्षे निरपेक्ष सेवा करीत आहेत, याची नोंद घ्यावी."

पाऊण तासात उलट उत्तर आलं, आणि ते आधीच्याइतकं सभ्य नव्हतं. "सहा वर्षं आमचा या पत्त्यावर पत्रव्यवहार आहे. ही भाषा त्या व्यक्तीची नाही. तुम्ही कोण आहात? तिचं खातं तुमच्या हाती कसं आलं?"

गुपितरावांनी हे तीनदा वाचलं. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, आपल्यालाच कोणी चोर म्हणतंय! राग आला, घाम आला, आणि मग सरळ सरळ भीती वाटली. पोस्टरवरची हाताची घडी डोळ्यांसमोर आली. संध्याकाळी सहाला त्यांनी फोन उचलला आणि या खेपेला तिच्या आधी स्वतः केला.

"अगं, ते जरा... दवाखाना बंद पडला होता."

"हो. सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी," बायको म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"यादी सगळ्यांना दिसते. मी रोज सकाळी बघते, सहा वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज विचारत होते."

गुपितरावांनी पहारेकऱ्याची दोन्ही पत्रं वाचून दाखवली. स्वतःचं पत्र वगळलं होतं, पण तिनं तेही वाचायला लावलं. अस्मादिक या शब्दाशी पलीकडून काहीतरी आवाज आला. बहीणही ऐकत असावी.

मग ती म्हणाली, "बुधवारी थोरला गेलेला दिसला, तेव्हा मला वाटलं, आज तरी सांगतील. थोरला सहा वर्षांत एकदाही पडला नव्हता. वीज गेली तेव्हासुद्धा मी दुकानातून धावत येऊन त्याला बॅटरी लावली होती. इतक्या दिवसांचा विश्वास असतो हो त्या ओळखीवर. ती पुसलीत तुम्ही. आता ती परत येत नाही."

"त्याची कॉपी वगैरे..."

"कॉपी त्याच्या शेजारच्या डब्यात होती. धाकट्यात."

गुपितराव फळीकडे बघत राहिले. त्यांना आयुष्यात प्रथमच त्या दोन डब्यांकडे बघून वाईट वाटलं. कोणाबद्दल, हे त्यांना नीट कळलं नाही.

"मी करते," बायको म्हणाली. "तुम्ही आता कशालाच हात लावू नका."

बहिणीच्या पलंगाच्या कडेला बसून, भाचीचा लॅपटॉप मांडीवर घेऊन, तिनं पन्नास मिनिटांत ते केलं. चारही भाडेकरूंच्या ओळीत "खिडकी" लिहिलं. नव्या चौघांची नावं त्यांच्या कुटुंबात घातली, जुन्या मेलेल्या चौघांची काढली. पहारेकऱ्याला पाच ओळींचं पत्र धाडलं. रात्रीच्या जेवणाच्या आत त्याचं उत्तर आलं, "आता ओळखलं. घाबरलो होतो. बहिणीला लवकर बरं वाटो." लाल खुणा गेल्या आणि गुपितराव वाचले.

आता शहाण्या माणसानं व्याख्यान रद्द केलं असतं. गुपितरावांनी शुक्रवारी शर्टाला इस्त्री केली.

शनिवारी सभागृहात चाळीसेक माणसं होती. मजल्यावरचे आले होते, कारण गुपितराव लिफ्टमध्ये पत्रिका वाटत होते. मेहुणा आला होता. मागच्या रांगेत पॉलिशवाला कारागीर बसला होता, सुट्टीचा दिवस असूनही. काळा शर्ट खाली ओढत गुपितराव उभे राहिले आणि पाऊण तास बोलले. त्यात "मी" किती वेळा आला हे मोजायला हजेरीचं मशीनच हवं होतं. मी ठरवलं, मी उभारलं, मी जागलो. "आणि मित्रांनो, हे सगळं नावाशिवाय!" असं म्हणून त्यांनी पडदा दाखवला.

पडद्यावर आठ ओळी होत्या. चार भाडेकरूंपुढे चारपासून साडेपाच वर्षं असे आकडे होते. बाकीच्या चारांपुढे होतं: तीन दिवस, तीन दिवस, तीन दिवस, चार दिवस.

"ही चार नवी घेतलीत का?" बाईंनी कौतुकानं विचारलं.

"विस्तार चालू असतो," गुपितराव म्हणाले. मेहुण्याला खोकला आला.

इथेच संपलं असतं. पण ग्रंथपाल बाई कामाला पक्क्या होत्या. पाहुण्यांचा सत्कार नुसत्या टाळ्यांवर करायचा त्यांना पटेना, म्हणून त्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच जाळ्याच्या लोकांना लिहून शुभेच्छा मागवल्या होत्या. पत्र आदल्या दिवशीच आलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"तुमच्या गावातल्या आमच्या या जुन्या सहकारी बाईंचा सत्कार होतो आहे, हे वाचून आनंद झाला."

बाई थांबल्या. कागद उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. लिहिलेलं वाचून दाखवणं हा त्यांचा धर्म होता.

"सहा वर्षांत दर सुधारणेनंतर काही तासांत त्यांचे रिले तयार असत. नवख्या लोकांच्या शंकांना त्या इतक्या सोप्या शब्दांत उत्तरं देत की आम्ही ती जपून ठेवली आहेत. हे काम का करता, असं एकदा आम्ही सगळ्यांना विचारलं होतं. लोकांनी पानं भरून लिहिलं. त्यांनी एवढंच लिहिलं: मी औषधाच्या दुकानात उभी असते. कधी एखादी बाई येते, आजूबाजूला बघते, आणि न बोलता कागद पुढे करते. तिला तोंडानं विचारायची भीती वाटते. तिला घरात बसून, कोणालाही न कळता, हवं ते विचारता यावं. म्हणून."

गुपितरावांच्या चेहऱ्यावर हसू होतं, ते काढायचं राहून गेलं होतं. घरात सहा वर्षं हे कारण राहत होतं आणि त्यांनी ते एकदाही विचारलं नव्हतं.

"ता. क.," बाई वाचतच होत्या, "आमचे बहुतेक स्वयंसेवक पोटानं ऐसपैस. दरवर्षी सगळ्यात लहान मापाचा शर्ट मागणाऱ्या त्या एकट्याच. ते माप आम्ही त्यांच्यासाठी खास वेगळं काढून ठेवतो."

चाळीस माणसांनी एकाच वेळी गुपितरावांच्या शर्टाकडे पाहिलं. छातीपाशी तंग, बेंबीपाशी आखूड. सवयीनं गुपितरावांचा हात शर्ट खाली ओढायला गेला आणि वाटेतच थांबला. पहिला कोण हसला ते कळलं नाही, पण शेवटचा मेहुणा होता, कारण त्याचं हसू थांबेना. मागच्या रांगेतला कारागीर मात्र हसला नाही. तो जाताना जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, नोंद ती नोंद."

सोमवारी बायको परत आली. गुपितराव स्टँडवर न्यायला गेले होते, हे लग्नानंतर दुसऱ्यांदा. सभागृहात काय झालं ते दवाखानावाल्या भावानं तिला शनिवारीच सांगितलं होतं, तिखटमीठ लावून. वाटेत ती फक्त बहिणीच्या काठीबद्दल बोलली.

घरी टेबलावर पाच काळे शर्ट धुऊन घडी करून ठेवले होते. "तुझे आहेत," गुपितराव म्हणाले. त्यांनी यापुढे आणखी पुष्कळ तयार केलं होतं, रविवारभर. पण बाहेर आलं एवढंच, "माझं चुकलं. थोरल्याचंही. आणि बाकीचंही."

बायकोनं वरचा शर्ट उलगडून अंगाला लावून पाहिला. पोटापाशी तो दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा पसरला होता. खांदे कोपरापर्यंत उतरले.

"हे आता कोणाचंच माप नाही हो," ती म्हणाली. मग तो शर्ट हातात गोळा करून फळीपाशी गेली आणि थोरल्यावरची दोन आठवड्यांची धूळ त्यानं पुसली. धाकट्यावरचीही पुसली. पर्समधून निळी वही काढून गुपितरावांच्या पुढ्यात ठेवली.

"आज सकाळी नवी आवृत्ती आलीय. आठही ठिकाणी चढवायची आहे. मी जरा पडते. तुम्ही तेवढं बघा."

गुपितरावांनी वही उघडली. पहिल्या पानावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: आधी काही पुसू नये. ते दुपारी तीनला बसले. पाच वाजता आतून आवाज आला, "किती झाले?"

"एक."

"अजून सात."

साडेसहाला तिसरा होत असताना जाळ्याकडून सहाव्या वर्षाच्या शर्टाचा अर्ज आला. त्यात एक रकाना होता, मापाचा. गुपितरावांनी पेन्सिल कानामागे लावली, घसा खाकरला आणि शक्य तितक्या नम्रपणे विचारलं, "शर्टाचा अर्ज आलाय. तुझंच माप लिहितो, लहान. बरोबर?"

बायको दारात आली. पडद्यावरच्या आठ ओळी तिनं वाचल्या, ओठ न हलवता. साडेपाच वर्षं, पाच, साडेचार, चार. आणि मग पाच दिवस, पाच, पाच, सहा.

"हा अर्ज वर्षभर आठही न पडता चालले तर भरायचा असतो," ती म्हणाली. "यंदा तो भरता येत नाही. पुढच्या वर्षी भरा. तेव्हा माप तुमचं लिहा, काम तुम्ही करणार आहात ना?"

गुपितरावांनी अर्ज मिटला आणि चौथ्याचा पासवर्ड वहीत शोधायला लागले.